कातळावरच्या पाण्याच्या रेघा

नाटे गावाच्या बंदरात लागलेल्या होड्यांपैकी निम्म्यांची नावं एकाच हाताने लिहिलेली आहेत. जवळ जाऊन पाहिलं की कळतं. अक्षरांची पोटं किंचित फुगीर, वारा भरलेल्या शिडासारखी, आणि वेलांट्या लांब, मागे रेललेल्या. हा हात हरिश्चंद्र मर्चंडे यांचा. बंदरावर त्यांना नुसतं पेंटर म्हणतात, मच्छीमारांच्या मोहल्ल्यात हरीभाऊ. वय सत्तावन्न. अंगाने सडपातळ, केस मागे वळवलेले, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याला थोडं पुढे वाकावं लागतं.

त्यांचं घर बौद्धवाडीत, गावाच्या वरच्या अंगाला. घराच्या मागून जांभ्या दगडाची पाखाडी चढत जाते आणि तिच्या शेवटच्या पायरीवर पाय ठेवला की एकदम सगळं उघडं होतं. सडा लागतो. झाड नाही, घर नाही, नुसता काळा कातळ आणि त्याच्या भेगांतून उगवलेलं गवत. पश्चिमेला समुद्राची एक निळी पट्टी. तिथे उभं राहिलं की समुद्र खाली आहे की समोर, हे नीट कळत नाही. सकाळच्या धुक्यात तर तो नसतोच. फक्त आवाज येतो, तोही लांबून, कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसा.

ही गोष्ट चार वर्षांपूर्वीची, हरिश्चंद्र या सड्यावर रोज यायला लागले तेव्हाची. त्याआधीचं थोडं सांगायला हवं.

दहावी झाल्यावर वडिलांनी त्यांना मुंबईला बोलावलं होतं. वडील तिथे गोदामात कामाला. पण मुलाला अक्षरांचा नाद. विहाराच्या भिंतीवर गावातल्या कुणीतरी काढलेली वेडीवाकडी अक्षरं चौदाव्या वर्षीच त्याने खडूने सुधारून ठेवली होती. तो मुंबईला गेला नाही, रत्नागिरीत सखाराम पेंटरकडे शिकायला राहिला. सखाराम जुन्या वळणाचा माणूस. त्याने पहिले सहा महिने रंगाच्या डब्याला हात लावू दिला नाही. दुकानाच्या दारात कडाप्प्याची मोठी लादी होती. तिच्यावर पाण्यात ब्रश बुडवून गिरवायला लावायचा. "रंग महाग हाय, पाणी फुकट," एवढंच त्याचं शिकवणं. अक्षर काढेपर्यंत आधीचं अक्षर वाळून गेलेलं असे. हरिश्चंद्रला तेव्हा त्याचा राग यायचा.

पुढे हात तयार झाला आणि काम मिळत गेलं. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, लग्नातले फलक, ट्रकांच्या मागची चित्रं. हातखंब्याला मुंबई-गोवा रस्त्यावर एकामागून एक हॉटेलं उभी राहत होती, तेव्हा त्यांच्या पाट्या हरिश्चंद्रांनीच रंगवल्या. जेवण, लॉजिंग, परमिट रूम. लाल अक्षरं, पिवळी कडा, आणि ट्रकवाल्याला लांबूनच दिसेल असा आकार. एका हॉटेलवाल्याने पाटी फार आवडली म्हणून संध्याकाळी बसवून घेतलं आणि पुढ्यात ग्लास ठेवला. हरिश्चंद्र तेव्हा तेहेतीस वर्षांचे. घरात सुगंधा आणि नुकतीच चालायला लागलेली श्रुती. त्या संध्याकाळी हातखंब्याहून परत येताना बसच्या खिडकीतून दिसणारं सगळं त्यांना मऊ वाटलं. डोंगर, दिवे, रस्त्याकडेच्या बायका. दुसऱ्या पाटीच्या वेळी त्यांनी स्वतःच मागितलं.

मग वीस वर्षं ते पीत राहिले.

ते रस्त्यात कधी पडले नाहीत, की बायकोवर कधी हात उगारला नाही. म्हणूनच कुणी फारसं काही बोललं नाही. संध्याकाळी सहाला सुरू व्हायचं, आठपर्यंत चालायचं. मग ते पडवीत भिंतीला टेकून बसत आणि समोर बघत राहत. सुगंधा त्यांच्या चपला काढण्यावरून ओळखायची. चपला एका ओळीत निघाल्या तर बरा दिवस. एक इकडे, एक तिकडे असली तर ती ताट झाकून ठेवायची. दर वर्षी बुद्धपौर्णिमेला विहारात सगळ्यांबरोबर ते पंचशील घ्यायचे. दारूपासून दूर राहण्याचं पाचवं शील म्हणताना त्यांचा आवाज कधी अडखळला नाही. त्याच संध्याकाळी मात्र ते पुन्हा प्यायचे. त्यात खोटेपणा होता असं त्यांना तेव्हा वाटत नव्हतं. सकाळचा माणूस वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा, इतकंच.

मधल्या काळात फ्लेक्सची दुकानं आली आणि पाट्यांचं काम गेलं. राहिल्या होड्या. होडीच्या फुगीर फळीवर फ्लेक्स बसत नाही, तिथे हातच लागतो. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात. त्या उतरायच्या आधी त्यांना रंग द्यायचा, नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही अंगांना नाव काढायचं आणि त्याखाली नोंदणीचा क्रमांक.

चार वर्षांपूर्वी मोहल्ल्यातल्या हमीदभाई सोलकर यांच्या होडीचा क्रमांक काढताना हरिश्चंद्रांकडून आठाच्या जागी तीन पडला. सकाळी हात कापायला लागला होता, म्हणून कामाआधी त्यांनी थोडी घेतली होती. तीन काढला आणि डबे गोळा करून ते घरी गेले. कुणाच्या लक्षात आलं नाही. आकडे कोण वाचतं?

सप्टेंबरमध्ये होडी बांगडा घेऊन परत येत असताना गस्तीच्या बोटीने तिला थांबवलं. कागदावर एक क्रमांक, होडीवर दुसरा. खात्री होईपर्यंत होडी अर्धा दिवस उन्हात उभी राहिली. बर्फ वितळला. संध्याकाळी ती बंदराला लागली तेव्हा मासा टाकून द्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हमीदभाई पाखाडी चढून आले. हरिश्चंद्रांहून पाच-सहा वर्षांनी मोठा माणूस, खांदे रुंद, पांढरी दाढी. पडवीत बसले. सुगंधाने पाणी दिलं ते प्यायले.

"हरीभाऊ, नंबर चुकलाय. दुरुस्त करून दे."

हरिश्चंद्रांनी मान खाली घातली. ब्रश, रंग, टर्पेंटाइनची बाटली घेऊन ते त्यांच्याबरोबर बंदरावर उतरले. तीन खरवडून काढला. वरून पांढरा हात मारला. तो वाळल्यावर आठ काढायला ब्रश टेकवला आणि तो जागेवर राहीना. आठाचं वरचं वेटोळं कसंबसं झालं, खालचं पाय फुटल्यासारखं पसरलं. पुसलं. पुन्हा काढलं. पुन्हा पुसलं. जेटीवर जाळी विणत बसलेले चार-पाच जण पाहत होते. कुणी हसलं नाही.

हमीदभाईंनी हळूच त्यांच्या हातातला ब्रश घेतला.

"ऱ्हाऊ दे. हात बरा झाला की ये."

मग त्यांनी पुठ्ठ्यावर कापलेले आकडे आणवले आणि त्यावरून दुसऱ्याच कुणीतरी रंग फिरवला. हरिश्चंद्र बाजूला उभे होते. आपण तिथे उभे आहोत, हे कुणाला दिसतच नाही, असं त्यांना वाटत होतं.

त्या दिवसापासून त्यांनी दारू बंद केली. शपथ घेतली नाही, कुणाला सांगितलंही नाही. सहा वाजले तेव्हा ते पडवीतच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी घाम फुटला. तिसऱ्या दिवशी त्यांना भिंतीवर मुंग्यांच्या ओळी दिसायला लागल्या आणि त्या ओळींची अक्षरं व्हायला लागली. ते मोठ्याने वाचू लागले. सुगंधाने चिपळूणला श्रुतीला फोन केला. श्रुती तिथे शाळेत शिकवते. ती मिळेल त्या गाडीने आली आणि बापाला रत्नागिरीला दवाखान्यात घेऊन गेली. सहा दिवस त्यांना सलाइन होतं. सुटी देताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, असं एकदम एकट्याने सोडायचं नसतं. जिवावर बेतलं असतं. आता गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि आयुष्यभराचं काही ठरवू नका. संध्याकाळी सहा ते आठ काय करणार, तेवढं मला सांगा."

हरिश्चंद्रांनी सुगंधाकडे पाहिलं. सुगंधाच म्हणाली, "माझ्यासंगती तांदूळ निवडतील."

आणि खरंच, घरी आल्यावर सहा वाजता सुगंधा सूप घेऊन बसायची आणि ते तिच्यासमोर. रोज निवडण्याइतके तांदूळ घरात नव्हते. मग ती निवडलेलेच पुन्हा सुपात ओतायची. दोघांनाही ते माहीत होतं. एक-एक दाणा बोटाने सरकवताना बोटं कापायची, पण दाण्याला त्याचं काही नव्हतं. बाहेर उजेड जात असायचा. सूप आधी पिवळं दिसे, मग राखाडी. मग दिवा लावून पुन्हा बसत, आठ वाजेपर्यंत.

पहाटे मात्र स्वप्नं पडत. एक तर सारखं पडे. सड्यावर होड्या आल्या आहेत. पाणी नाही, तरी त्या गवतावरून सरकत येतात, अजिबात आवाज न करता, आणि घराच्या मागे येऊन उभ्या राहतात. वीस, तीस, मोजता येत नाहीत. एकीवरही नाव नाही. सगळ्या नुकत्याच पांढऱ्या रंगवलेल्या. हरिश्चंद्रांच्या हातात ब्रश आहे आणि तो कोरडा.

एका सकाळी चहा पिताना त्यांनी हे सुगंधाला सांगितलं.

"नावं नव्हती?" तिने विचारलं.

"एकीवर पण नाय."

"मग काढायची व्हती."

"रंग कुठं होता?"

ती कपबशी विसळत म्हणाली, "सपनात कुठला रंग? पान्यानं काढायची."

ती सहज बोलली होती. तिला सखाराम पेंटरची लादी ठाऊकही नव्हती. हरिश्चंद्रांना मात्र ती समोर दिसली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते पत्र्याच्या डब्यात पाणी घेऊन पाखाडी चढले. ऑक्टोबर सरत आला होता. सड्यावरचं गवत सोनेरी पडलेलं आणि त्यावर दव. धुकं इतकं की आपलाच हात पुढे केला तर दुसऱ्या कुणाचा वाटावा. एक सपाट जागा पाहून ते उकिडवे बसले. ब्रश पाण्यात बुडवला आणि डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढली. रेघ सापासारखी गेली. मग वरून खाली एक. ती मध्ये दोनदा थांबली. मग एक गोल. त्याची दोन टोकं काही भेटली नाहीत. काळ्या कातळावर ती ओली रेघ आणखी काळी दिसत होती. ते पाहत राहिले. सूर्य वर आला तशा रेघा कडेने बारीक होत गेल्या आणि थोड्या वेळाने तिथे नुसता कातळ राहिला. वाकडी रेघही गेली. गोलाची फट गेली. उद्या कुणी तिथे येऊन काही म्हणेल असं काहीच उरलं नाही.

ते घरी आले. "झालं?" सुगंधाने विचारलं. "तीनच काढल्या," ते म्हणाले. "रोज तीनच काढायच्या. चौथी नाय."

चौथी का नाही, हे त्यांना तेव्हा सांगता आलं नसतं. पुढे एकदा श्रुतीने विचारलं तेव्हा म्हणाले, "दहा काढायच्या ठरवल्या असत्या तर पाचव्या दिवशी गेलोच नसतो. तीन काढायला लाज पण वाटत नाय, आळस पण येत नाय."

असे दिवस जात राहिले. नोव्हेंबरात रेघ सरळ झाली नाही, पण ते सड्यावर जायचे चुकले नाहीत. डबा रिकामा आणण्यापेक्षा उरलेलं पाणी घराच्या बाजूच्या मिरचीच्या रोपांना घालू लागले. रोपांना घालायचं म्हणून तिथलं गवत काढू लागले. गवत काढताना हात मातीने भरायचे, म्हणून सकाळीच आंघोळ होऊ लागली. आंघोळ झाल्यावर भूक लागे, आणि दहा वाजता सुगंधाने दिलेली पेज आणि सुकट ते पहिल्यांदाच चव घेऊन खाऊ लागले. ठरवून यातलं काहीच झालं नव्हतं. एकाच्या मागे दुसरं आलं.

घरातल्या वस्तूही कमी होत गेल्या. माळ्यावर जुन्या पाट्यांच्या फ्रेमा, सुकलेले डबे, मोडके पंखे, वीस वर्षांचं काय काय साठलं होतं. रोज एक गोष्ट खाली काढायची आणि तिचं काय करायचं ते संध्याकाळपर्यंत ठरवायचं, असा नियम सुगंधाने केला. बहुतेक गोष्टी भंगारात गेल्या. टीव्ही बंद पडला तो त्यांनी दुरुस्त केला नाही. माळा रिकामा झाला तेव्हा कौलांतल्या काचेतून उजेडाचा एक चौकोन थेट जमिनीवर पडायला लागला. दुपारी तो हळूहळू सरकत चुलीकडे जातो. इतकी वर्षं तो फ्रेमांवरच अडत होता.

डिसेंबरात ते चार दिवस श्रुतीकडे चिपळूणला गेले. परत येताना हातखंब्याला गाडी बदलायची होती. ते उतरले आणि क्षणभर त्यांना आपण कुठे आलो ते कळेना. रस्ता चौपदरी झाला होता. दोन्ही बाजूंची जुनी हॉटेलं पाडलेली. ज्या भिंतींवर त्यांनी पाट्या चढवल्या होत्या त्या भिंतीच नव्हत्या. ते कडेकडेने अर्धा मैल चालले. लाल अक्षर नाही, पिवळी कडा नाही. पुलाखालून धूळ उठत होती आणि उन्हात ती सोन्याच्या भुकटीसारखी दिसत होती. आपल्याला वाईट वाटेल, असं त्यांना वाटलं होतं. तसं झालं नाही. इतकी वर्षं त्या पाट्यांनी आपल्याला धरून ठेवलं होतं आणि आता त्यांनी सोडून दिलंय, असं काहीतरी छातीत झालं.

तेवढ्यात मागून हाक आली. तोच जुना हॉटेलवाला. रस्त्याच्या आतल्या बाजूला त्याने नवी इमारत बांधली होती. त्याने हात धरून आत नेलं, पंख्याखाली बसवलं.

"पेंटर, हातच्या अक्षरांना आता पुन्हा मागणी आलीय. लोक फोटो काढतात. मला जुनी पाटी जशीच्या तशी करून दे. पयला बस, घे थोडी."

पोऱ्या ग्लास घेऊन आला. काचेवर थंड पाण्याचे थेंब होते. हरिश्चंद्रांच्या तोंडाला पाणी सुटलं, हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं. घशात जुनी ओढ उठली आणि दुपारचे दोन वाजलेले असूनही त्यांना वाटलं, सहा वाजलेत. त्यांनी ग्लासावरून नजर काढून आपल्या हाताकडे पाहिलं.

"मी चहा घेईन," ते म्हणाले.

"सोडलीस?"

"दोन-अडीच महिने झाले."

हॉटेलवाल्यानेच ग्लास बाजूला सरकवला आणि चहा मागवला. पाटीचं पुन्हा विचारलं. "ती नाय जमायची," हरिश्चंद्र म्हणाले. "मी आता होड्यांचीच नावं काढतो." खरं तर तेव्हा एकही होडी त्यांच्याकडे आली नव्हती.

हमीदभाईंना पाण्याच्या रेघांचं कळलं ते बकरीमुळे. जानेवारीत त्यांची एक बकरी सड्यावर भरकटली. शोधत ते वर आले तर लांब कुणीतरी उकिडवं बसलेलं दिसलं. आधी वाटलं, जमिनीवर काही सांडलंय ते पुसतोय. जवळ गेले. हरिश्चंद्रांनी मान वर केली, पण हात थांबवला नाही. गोल पूर्ण केला. टोकं जुळली होती.

"पाणी?" हमीदभाईंनी विचारलं.

"पाणी."

हमीदभाई शेजारी कातळावर बसले. दोघेही तो गोल वाळताना बघत राहिले. एका बाजूने आधी वाळला, मग नुसती एक कोर राहिली, शेवटी तीही गेली. बकरी आपली आपण येऊन त्यांच्यामागे उभी राहिली होती.

"जुलैत ये," उठताना हमीदभाई म्हणाले.

सगळं इतकं सरळ मात्र झालं नाही. मे महिन्यात पुतण्याची, दर्शनची हळद होती. मांडवात मुंबईहून आलेली माणसं, गाणी, ऊन. दुपारी कुणीतरी मागच्या अंगणात हरिश्चंद्रांना ओढत नेलं आणि ते नाही म्हणाले नाहीत. दोन ग्लास झाले. ते घरी आले तेव्हा चपला नीट ओळीत काढल्या, अगदी काळजीपूर्वक, आणि सुगंधाला त्यावरूनच कळलं. तिने ताट झाकून ठेवलं. पुढचे तीन दिवस ते सड्यावर गेले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आठ महिने वाया गेले, असं ते धरूनच चालले होते.

चौथ्या दिवशी उजाडलं तेव्हा उंबऱ्याशी पाण्याचा डबा भरून ठेवलेला होता. त्यावर ब्रश आडवा.

"तू भरलास?"

"तीन दिस रोज भरतेय," सुगंधा म्हणाली. "मी मिरच्यांना घालते मग."

"मी प्यालो गो."

"म्हाईत हाय. आठ महिन्यांत दोन ग्लास. आदी दिसाला किती व्हत्ये?"

ते उठले. तिच्याकडे न बघता डबा घेतला. त्या दिवशी रेघ पुन्हा थोडी वाकडी गेली. त्यांनी ती तशीच वाळू दिली. आणि दुपारच्या गाडीने रत्नागिरीला जाऊन डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून आले. हे सांगणं पिणं सोडण्याहून अवघड गेलं, असं ते म्हणतात.

जुलैत हमीदभाईंची होडी ताडपत्रीखाली उभी होती. बाहेर पावसाची झड, आत रंगाचा वास आणि ताडपत्रीतून गाळून आलेला निळा उजेड. त्या उजेडात सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. खडूची दोरी ताणून हरिश्चंद्रांनी रेघा आखल्या. नाव काढलं. मग क्रमांकाला हात घातला. हमीदभाई कागद धरून एक-एक आकडा वाचत होते आणि ते तो पुन्हा मोठ्याने म्हणून काढत होते. हात कापला का? थोडा कापला. दारूने जे नेलं त्यातलं सगळं काही परत येत नाही, डॉक्टरीणबाईंनी ते आधीच सांगितलं होतं. पण आता कापरं आलं की ब्रश उचलायचा, श्वास सोडायचा आणि मग टेकवायचा, हे हाताला आपोआप कळत होतं. चार आकडे काढायला एक दुपार लागली. हमीदभाईंनी चष्मा लावून ते तीनदा तपासले. मग म्हणाले, "आता दुसऱ्या बाजूला काढ."

त्या मोसमात त्यांना सात होड्या मिळाल्या. पुढच्या वर्षी अकरा. जास्तही मिळाल्या असत्या, पण दोन दिवसांत एकच होडी, असा त्यांनी नियम ठेवला. घाईचा असेल त्याला ते दुसऱ्या पेंटरचं नाव सांगतात. सुगंधा बचत गटाबरोबर कोकमं फोडते, वाळवते. दोघांना पुरतं. श्रुती म्हणते, आईबाबा आता इतके कमी बोलतात की फोनवर मला समुद्रच जास्त ऐकू येतो.

मागच्या ऑक्टोबरातली गोष्ट. हरिश्चंद्रांना जाग आली तेव्हा पडवीत ऊन आलं होतं. ते दचकून उठले. आठ वाजून गेले होते. इतक्या वर्षांत ते असे कधी झोपले नव्हते. आधी दारूची झोप, मग स्वप्नांची झोप, मग पहाटे उठायचं म्हणून अर्धी राखून ठेवलेली. ही झोप अगदी तळाला जाऊन आली होती.

"मना उठवलंस नाय?"

"कशाला?" सुगंधा म्हणाली. "लहान पोरासारखे झोपला व्हतात. घावणे केलेत, खावा."

त्यांनी घावणे खाल्ले. चुकल्यासारखं वाटेल म्हणून वाट पाहिली, पण तसं काही वाटेना. मग सुगंधाच म्हणाली, "चला, मी पण येते वर. कवापासून गेले नाय."

दोघं रिकाम्या हातांनी पाखाडी चढली. सड्यावर ऊन पसरलेलं आणि गवताच्या वर, कमरेइतक्या उंचीवर, हजारो चतुर तरंगत होते. ते या दिवसांत कुठून तरी येतात, थोडे दिवस राहतात आणि जातात. त्यांच्या पंखांमुळे सगळी हवाच थोडी हलत असल्यासारखी दिसत होती. सुगंधा त्यांच्यामधून चालत गेली तेव्हा ते बाजूला झाले आणि तिच्यामागे पुन्हा मिटले. एका उंच कातळावर ती बसली. हरिश्चंद्र तिच्या शेजारी बसले.

"दिवाळीला श्रुती येणार हाय," ती म्हणाली.

"किती दिवस?"

"आठ म्हणत व्हती."

एक चतुर तिच्या पदरावर येऊन बसला. तो उडेपर्यंत दोघंही हलली नाहीत.